कस्टम फर्मवेअर टाकल्यावर राउटर रुसला, तर काय काय तपासायचं

राउटरवर कंपनीच्या फर्मवेअरऐवजी (म्हणजे राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरऐवजी) ओपनडब्ल्यूआरटी किंवा डीडी-डब्ल्यूआरटी हे कस्टम फर्मवेअर चढवलं, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, दिवेही लागले. पण फोनमध्ये वाय-फायचं नाव दिसत नाही, ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडत नाही आणि घरातले सगळे विचारायला लागलेत, नेट कधी येणार. अशा वेळी हात आपोआप रीसेटच्या बटणाकडे जातो, नाहीतर तीच फाइल पुन्हा एकदा चढवावीशी वाटते. यातलं काहीही लगेच करू नका. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा राउटरांपैकी खरोखर मेलेले फारच थोडे होते. बाकीचे जिवंतच होते, फक्त त्यांचा पत्ता, पासवर्ड किंवा वाय-फायची सेटिंग बदललेली होती. जे मेले, त्यांतले बहुतेक पहिल्या फ्लॅशनंतरच्या, म्हणजे फर्मवेअर चढवल्यानंतरच्या, घाईत मेले.

म्हणून क्रम ठेवा: आधी केबलने राउटरपर्यंत पोचायचं, मग बाहेरचं इंटरनेट आणायचं, त्यानंतर वाय-फाय आणि शेवटी वेग. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावायचा नाही आणि एका वेळी एकच बदल करायचा. केलेला प्रत्येक बदल कागदावर लिहून ठेवा. तासाभराने नेमकं कशाने काय झालं हे आठवत नाही, हा माझा पक्का अनुभव आहे.

एक सूचना आधीच देतो. खालचे पत्ते आणि आज्ञा मी देवनागरीत, उच्चारानुसार लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना अंक इंग्रजी आणि अक्षरं इंग्रजीतली छोटी वापरा.

आधी दहा मिनिटं थांबा

नवीन फर्मवेअर पहिल्यांदा सुरू होताना फ्लॅश मेमरीतली मोकळी जागा तयार करून घेतं. त्यामुळे पहिलं बूट नेहमीपेक्षा बरंच लांबतं. दिवे लुकलुकत असताना वीज काढली, तर लिहिणं अर्धवट राहतं आणि जो राउटर आपोआप उठला असता तो अडकून पडतो. दहा मिनिटं पूर्ण होऊ द्या.

तेवढ्या वेळात तीन गोष्टी हाताशी घ्या: एक चांगली लॅन केबल, लॅन पोर्ट असलेला संगणक आणि फोनचा मोबाइल डेटा. राउटर उलटा करून खालचं लेबलही वाचा. मॉडेलच्या नावापुढे व्ही १, व्ही २, व्ही ३ असं काहीतरी लिहिलेलं असतं. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांमध्ये चिपच वेगळी असू शकते, म्हणून हा छोटासा आकडा मॉडेलच्या नावाइतकाच महत्त्वाचा. तुम्ही उतरवलेली फाइल त्याच आवृत्तीची होती ना, हे आत्ताच ताडून पाहा.

फाइलच्या नावात आणखी एक शब्द शोधायचा. ओपनडब्ल्यूआरटीच्या बऱ्याच राउटरांसाठी दोन फाइली मिळतात. 'फॅक्टरी' नावाची फाइल कंपनीच्या मूळ फर्मवेअरवरून उडी मारायला असते. 'सिसअपग्रेड' नावाची फाइल आधीपासून ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या राउटरवर पुढची आवृत्ती टाकायला असते. दोन्हींची अदलाबदल झाली, तर बहुतेक राउटर फाइल नाकारतात, पण सगळेच नाकारतात असं नाही. फाइलचा एसएचए-२५६ चेकसमही (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) डाउनलोड पानावरच्या आकड्याशी जुळवा. अर्धवट उतरलेली फाइल इथेच पकडली जाते.

केबलने राउटरपर्यंत पोचणं

संगणकाचं वाय-फाय बंद करा. केबल राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावा, बाहेरचं इंटरनेट येणाऱ्या वॅनमध्ये नाही, आणि वॅनची केबल सध्या काढूनच ठेवा. आता संगणकाला कोणता आयपी पत्ता मिळाला ते पाहा.

पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत असेल, तर राउटर जिवंत आहे आणि पत्तेही वाटतो आहे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला कुणीच पत्ता दिला नाही म्हणून त्याने स्वतःच एक घेतला आहे. तिसरी शक्यता फसवी असते: संगणक अजून जुन्याच पत्त्याला, म्हणजे समजा १९२.१६८.०.५ ला, चिकटून बसलेला असतो. केबल काढून पुन्हा लावली की हा घोळ बहुतेक वेळा सुटतो.

ओपनडब्ल्यूआरटी आणि डीडी-डब्ल्यूआरटी या दोघांचाही ठरलेला पत्ता १९२.१६८.१.१ आहे. तुमच्या कंपनीच्या फर्मवेअरचा पत्ता वेगळा असला, तर ब्राउझरमधला जुना बुकमार्क आता उपयोगाचा नाही. खासगी खिडकी उघडा आणि पत्त्याच्या आधी एचटीटीपी स्पष्ट लिहा, कारण हल्लीचे ब्राउझर परस्पर सुरक्षित जोडणीकडे वळतात आणि पान उघडत नाही असं भासवतात. ओपनडब्ल्यूआरटीत वापरकर्त्याचं नाव 'रूट' असतं आणि सुरुवातीला पासवर्ड रिकामा असतो. डीडी-डब्ल्यूआरटीच्या नव्या आवृत्त्या पहिल्याच पानावर नाव आणि पासवर्ड ठरवायला लावतात.

पिंगला (पलीकडचं उपकरण उत्तर देतं का हे पाहणाऱ्या आज्ञेला) उत्तर येतं, पण पान मात्र उघडत नाही, असं असेल तर तुम्ही बहुधा ओपनडब्ल्यूआरटीची 'स्नॅपशॉट' आवृत्ती टाकली आहे. ती रोज तयार होते आणि तिच्यात वेब पान घातलेलंच नसतं. तिथे एसएसएचने (आज्ञा टाइप करून राउटर चालवायच्या सुरक्षित जोडणीने) आत शिरून 'लुसी' नावाचं पॅकेज बसवावं लागतं. घरच्या राउटरवर स्थिर आवृत्तीच टाकावी, असं माझं ठाम मत आहे. स्नॅपशॉट चाचणी करणाऱ्यांसाठी असतं.

आणखी एक जागा, जिथे खूपजण अडकतात. आधीच ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या राउटरवर नवी आवृत्ती टाकताना 'सेटिंग्ज तशाच ठेवा' ही खूण केलेली असते. २०२१ साली आलेल्या २१.०२ या आवृत्तीपासून बऱ्याच राउटरांमध्ये लॅन पोर्ट हाताळण्याची पद्धतच बदलली. जुनी सेटिंग नव्या पद्धतीला कळत नाही. मग राउटर चालू असतो, पण कोणत्याच पोर्टवर बोलत नाही. यावर इलाज एकच: सेटिंग पुसून नव्याने भरायची. त्यासाठी फेलसेफ.

फेलसेफ: मागचं दार

सेटिंग कितीही बिघडलेली असो, ओपनडब्ल्यूआरटीचा गाभा फ्लॅशच्या न बदलणाऱ्या भागात सुरक्षित असतो. आपण केलेले बदल त्यावर एका वेगळ्या थरात साठतात. फेलसेफमध्ये राउटर हा वरचा थर बाजूला ठेवून उठतो.

१. संगणकाच्या लॅन कार्डाला हाताने १९२.१६८.१.२ हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क द्या. फेलसेफमध्ये राउटर पत्ते वाटत नाही, म्हणून ही पायरी चुकवता येत नाही.

२. राउटर बंद करून चालू करा आणि मुख्य दिव्यावर नजर ठेवा. काही सेकंदांत तो भराभर लुकलुकायला लागतो. नेमक्या त्या वेळी रीसेटचं बटण दाबून सोडा. वेळ साधत नसेल, तर चालू केल्यापासून दर सेकंदाला बटण दाबत राहा.

३. दिवा आणखी वेगाने लुकलुकू लागला, म्हणजे तुम्ही आत आहात. एसएसएचने १९२.१६८.१.१ वर 'रूट' नावाने जा, पासवर्ड लागत नाही. फार जुन्या आवृत्त्यांवर एसएसएचऐवजी टेलनेट ही जुनी जोडणी चालते. उत्तर आलं नाही, तर केबल दुसऱ्या लॅन पोर्टमध्ये लावून पाहा, काही राउटरांवर फेलसेफमध्ये सगळे पोर्ट चालत नाहीत.

४. 'माउंट_रूट' ही आज्ञा दिली की बदलांचा थर जोडला जातो. फक्त पासवर्ड विसरला असेल, तर 'पासडब्ल्यूडी' पुरेशी. सगळंच पुसायचं असेल तर 'फर्स्टबूट' द्या, विचारलं की होकार द्या आणि राउटर पुन्हा सुरू करा.

काम झालं की संगणकाचा पत्ता पुन्हा 'आपोआप' वर न्या. हे विसरलं, तर पुढच्या प्रत्येक पायरीवर तुम्ही राउटरलाच दोष देत बसाल.

डीडी-डब्ल्यूआरटी वापरणाऱ्यांमध्ये '३०-३०-३०' रीसेट प्रसिद्ध आहे: वीज चालू, बंद आणि पुन्हा चालू अशा तिन्ही वेळा तीस-तीस सेकंद बटण दाबून धरायचं. ब्रॉडकॉम चिपच्या जुन्या राउटरांसाठी तो उपाय होता. नव्या एआरएम राउटरांवर तो करू नका. तिथे त्याचा अर्थ वेगळाच लागतो आणि नुकसान होऊ शकतं.

राउटर खरोखरच उठत नसेल तर

फेलसेफही लागत नसेल, तर प्रश्न असा की बूटलोडर, म्हणजे फर्मवेअर सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, जिवंत आहे का. वीज चालू करताच काही क्षण बूटलोडर एकटाच जागा असतो. संगणकाला हाताने पत्ता दिलेला ठेवा, १९२.१६८.१.१ ला सतत पिंग लावा आणि राउटर चालू करा. दोन-चार उत्तरं येऊन बंद झाली, तरी आशा आहे. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच जुन्या राउटरांवर या उत्तरांतला टीटीएल (पिंगच्या प्रत्येक उत्तरासोबत दिसणारा आकडा) १०० दिसतो, म्हणजे बूटलोडर बोलतोय. टीटीएल ६४ दिसला, तर लिनक्स, म्हणजे फर्मवेअरचा गाभा, सुरू झालेलं आहे आणि अडचण पुढे कुठेतरी आहे.

पुढचा रस्ता कंपनीनुसार बदलतो. टीपी-लिंकचे अनेक राउटर रीसेट दाबून चालू केले की स्वतःच फाइल मागायला निघतात. संगणकावर टीएफटीपी (फाइल पोचवायची साधी पद्धत) सर्व्हर चालवायचा, संगणकाचा पत्ता १९२.१६८.०.६६ ठेवायचा आणि राउटरला हवी तशा नावाची फाइल तिथे ठेवायची. नावात एक अक्षर जरी चुकलं, तरी राउटर ती उचलत नाही. संगणकाची फायरवॉल तेवढ्यापुरती बंद करा. टीएफटीपी यूडीपीच्या ६९ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं आणि फायरवॉल ते गुपचूप अडवते. एसूसच्या राउटरांना बचावाचा वेगळा मोड आणि त्यासाठीचं कंपनीचं छोटं सॉफ्टवेअर आहे. नेटगिअरच्या अनेक राउटरांसाठी 'एनएमआरपीफ्लॅश' हे मोफत साधन चांगलं चालतं. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी १९००एसी आणि ३२००एसीएम यांसारख्या राउटरांमध्ये फर्मवेअरचे दोन कप्पे असतात. सुरू होता होता तीनदा वीज काढली, की तो दुसऱ्या कप्प्यातलं जुनं फर्मवेअर घेऊन उठतो. ही सोय मला मनापासून आवडते.

हे सगळं फसलं, तर उरतो सिरियल कन्सोल, म्हणजे बोर्डाशी थेट तारांनी बोलायची सोय. राउटर उघडून बोर्डावरच्या पिनांना यूएसबी-टीटीएल अ‍ॅडाप्टर जोडायचा. जमीन (ग्राउंड), पाठवणारी आणि घेणारी अशा तीनच तारा जोडा. व्होल्टेजची चौथी तार जोडू नका. अ‍ॅडाप्टर ३.३ व्होल्टचाच हवा, ५ व्होल्टने चिप जळू शकते. कन्सोलचा वेग बहुधा १,१५,२०० बॉड असतो. सोल्डरिंगची सवय नसेल, तर हे काम जाणत्या माणसाकडे द्या.

राउटर सापडला, पण इंटरनेट नाही

वॅनची केबल आता लावा. राउटरच्या पानात जिथे पिंगची सोय असते, तिथून ८.८.८.८ ला पिंग करा आणि मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं पण नावाला नाही, तर अडचण डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याची, आहे. आकड्यालाही नाही, तर जोडणीच झालेली नाही. या एका चाचणीने अर्धा शोध संपतो.

जोडणी न होण्याची कारणं ठरलेली आहेत. पीपीपीओईचं (इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करून जोडणी घ्यायच्या पद्धतीचं) नाव आणि पासवर्ड जुन्या फर्मवेअरबरोबर पुसला गेला, हे सर्वांत नेहमीचं. काही इंटरनेट कंपन्या जोडणीला व्हीलॅनचा (एकाच तारेवरची वेगळी वाट ओळखण्याचा) क्रमांक लावतात. मूळ फर्मवेअरमध्ये तो आधीच भरलेला असतो आणि आपल्याला तो होता हेही माहीत नसतं. तिसरं कारण मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क पोर्टची स्वतःची ओळख. कंपनीने तुमच्या राउटरचा मॅक नोंदवला असेल आणि नव्या फर्मवेअरने वॅनला वेगळा मॅक दिला असेल, तर पलीकडून उत्तरच येत नाही. जुना मॅक बहुधा खालच्या लेबलवर असतो, तो वॅनच्या सेटिंगमध्ये भरा. मग मोडेम पाच-दहा मिनिटं बंद ठेवून चालू करा.

चौथं कारण डोळ्यांसमोर असून दिसत नाही. कंपनीच्या मोडेमचाही पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि तुमच्या नव्या राउटरचाही. दोन्ही बाजूंना एकच गल्ली (सारख्याच पत्त्यांचा पट्टा) असेल, तर राउटरला पाकीट (डेटाचा तुकडा) कुठे द्यायचं ते कळत नाही. वॅनला पत्ता मिळालेला दिसतो, तरी काहीच चालत नाही. राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१०.१ करा, संगणकाची केबल काढून लावा आणि नव्या पत्त्यावर पुन्हा शिरा. या एका बदलाने सुटलेल्या तक्रारी मी सर्वांत जास्त पाहिल्या आहेत.

काही संकेतस्थळं उघडतात आणि काही नुसती फिरत राहतात, असं असेल तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा बाइटमधला कमाल आकार, बघा. पीपीपीओईवर तो १४९२ असतो, साध्या जोडणीवर १५००. संगणकावरून १४६४ बाइटचं पिंग 'तुकडे करू नका' या पर्यायासह पाठवा. ते गेलं, तर १४९२ बरोबर आहे. नाही गेलं, तर आकडा थोडा थोडा उतरवत जा, जो चालेल त्यात २८ मिळवा आणि तो एमटीयू भरा. फायरवॉलमध्ये वॅनसाठी 'एमएसएस क्लॅम्पिंग' (पाकिटांचा आकार एमटीयूत बसवणारी सोय) चालू आहे ना, तेही पाहा.

घड्याळाकडेही लक्ष द्या. बहुतेक घरगुती राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते, वीज गेली की वेळ चुकते आणि नेटवरून पुन्हा घ्यावी लागते. तुम्ही सुरक्षित डीएनएस लावलं असेल, तर त्याला प्रमाणपत्र तपासायला बरोबर वेळ लागते. वेळ आणायला मात्र आधी नाव शोधून द्यावं लागतं, म्हणजे दोघंही एकमेकांसाठी थांबून राहतात. वेळेच्या सर्व्हरचा पत्ता नावाऐवजी आकड्यांत दिला की ही कोंडी फुटते.

वाय-फाय

ओपनडब्ल्यूआरटीत नव्याने टाकल्यावर वाय-फाय बंदच असतं. हा दोष नाही, पासवर्डाविना उघडं नेटवर्क हवेत जाऊ नये म्हणून केलेली सोय आहे. 'नेटवर्क' मधल्या 'वायरलेस' पानावर जाऊन आधी देश निवडा, मग नाव आणि पासवर्ड द्या आणि त्यानंतरच ते चालू करा. देश निवडला नाही, तर ५ गिगाहर्ट्झचे बरेच चॅनेल उघडतच नाहीत. जास्त ताकद मिळते म्हणून भलताच देश निवडू नका. ते कायद्याविरुद्ध आहे, शिवाय राउटर जोरात बोलला तरी फोनचं उत्तर त्याच्यापर्यंत पोचायला हवं.

२.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय दिसतं पण ५ चं दिसत नाही, अशी तक्रार असेल तर चॅनेलचा आकडा पाहा. ५२ ते १४४ या चॅनेलांवर राउटरने आधी रडार ऐकायचं असा नियम आहे. त्यासाठी तो किमान एक मिनिट गप्प राहतो, हवामान रडारच्या चॅनेलांवर काही देशांत दहा मिनिटं. तात्पुरतं ३६ वर आणा, लगेच दिसलं तर कारण सापडलं. २.४ वर रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच घ्या. १२ आणि १३ काही उपकरणांना दिसतच नाहीत.

फोन जोडला जातो, पण जुना प्रिंटर किंवा स्मार्ट प्लग जोडला जात नाही, तेव्हा संशय डब्ल्यूपीए३ या नव्या वाय-फाय सुरक्षापद्धतीवर घ्या. डब्ल्यूपीए२ आणि ३ च्या मिश्र पद्धतीतही काही जुनी उपकरणं गोंधळतात. त्यांच्यासाठी २.४ वर वेगळ्या नावाचं, फक्त डब्ल्यूपीए२ आणि एईएसचं नेटवर्क काढा. टीकेआयपी हे जुनं एन्क्रिप्शन मात्र कुठेही निवडू नका. ते निवडलं की वेग ५४ मेगाबिटच्या वर जात नाही, आणि सुरक्षाही जुनाट.

सिग्नल पूर्वीपेक्षा अगदीच कमी झाला असेल, तर चालकाचा (ड्रायव्हरचा) प्रश्न असू शकतो. ब्रॉडकॉम चिपच्या राउटरांना ओपनडब्ल्यूआरटीत वाय-फायचा आधार तुटपुंजा आहे, त्यांच्यासाठी डीडी-डब्ल्यूआरटी किंवा फ्रेशटोमॅटो हे आणखी एक कस्टम फर्मवेअर बरं. क्वालकॉमच्या ८०२.११एसी चिपांवर 'एटीएच१०के-सीटी' हा चालक नीट चालत नसेल, तर तो काढून साधा 'एटीएच१०के' टाकून पाहता येतो. वाय-फाय चिपचं फर्मवेअर आणि चालक दोन्ही जोडीने बदलायचे, आणि हे काम केबलवरूनच करायचं.

वेग कमी, किंवा राउटर मध्येच बंद होतो

कंपनीचं फर्मवेअर पाकिटं हलवण्याचं काम बऱ्याचदा चिपमधल्या खास भागाकडे देतं. कस्टम फर्मवेअरमध्ये ते सगळं प्रोसेसरवर येतं, म्हणून वेगवान जोडणीवर आकडा अचानक खाली येतो. फायरवॉलच्या पानावर 'फ्लो ऑफलोडिंग' चालू करा. हार्डवेअरचा पर्याय दिसत असेल, तर तोही करून पाहा. पण एसक्यूएमने (जोडणी भरली तरी उशीर वाढू नये म्हणून) पाकिटांची रांग लावायची असेल, तर ऑफलोडिंग बंदच हवं, दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

मध्येच रीबूट होत असेल, तर आधी मेमरी बघा. ओपनडब्ल्यूआरटीच्या नावातलं 'डब्ल्यूआरटी' ज्या लिंकसिस डब्ल्यूआरटी५४जीवरून आलं, त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या ४ एमबी फ्लॅशवर चालत. आज ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम हे अगदीच किमान आहे. त्यावर जाहिराती रोखणारी मोठी यादी चढवली, की रॅम संपते. लॉग (राउटरने ठेवलेली घडामोडींची नोंद) रॅममध्येच असतो आणि रीबूटबरोबर जातो, म्हणून तो घरातल्या दुसऱ्या संगणकाकडे पाठवायची सोय करा. त्याशिवाय तुम्ही अंधारातच शोधत राहता.

फ्लॅशही अशीच भरते. सगळी पॅकेजेस एकदम नव्या आवृत्तीवर नेण्याचा मोह टाळा. मूळ प्रत न बदलणाऱ्या भागात तशीच राहते आणि नवी तिच्यावर जागा खाते. अद्ययावत करायचं, तर पूर्ण नवी फर्मवेअर फाइल टाका.

परत कंपनीच्या फर्मवेअरवर

इतकं करूनही मन बसलं नाही, तर परत जायला हरकत नाही. फक्त दोन गोष्टी जपा. टीपी-लिंकच्या काही मूळ फाइलींच्या नावात 'बूट' हा शब्द असतो, म्हणजे तिच्यात बूटलोडरही बांधलेला आहे. ती फाइल कस्टम फर्मवेअरमधून तशीच चढवली तर बूटलोडरवरच लिहिलं जाऊ शकतं, आणि मग टीएफटीपीचाही आधार उरत नाही. तुमच्या मॉडेलसाठी तो भाग आधी कापायला सांगितलेला असेल तर कापा.

दुसरी गोष्ट, फ्लॅशमधला रेडिओच्या मोजमापांचा छोटा कप्पा. अ‍ॅथेरॉस चिपांवर त्याला 'एआरटी' म्हणतात. कारखान्यात प्रत्येक राउटरसाठी ही मोजमापं वेगळी घेतलेली असतात, ती पुसली गेली तर दुसऱ्या राउटरची प्रत चालवूनही तोच सिग्नल मिळत नाही. राउटर आत्ता नीट चालू असेल, तर त्या कप्प्याची प्रत आजच काढून संगणकावर ठेवा, आणि फाइलच्या नावात मॉडेल आणि आवृत्ती लिहा.